उन्हात मुरलेली

आमची गॅलरी पश्चिमेची. मे महिन्यात दुपारी एकला तिच्यात ऊन शिरतं आणि सूर्य येऊरच्या डोंगरामागे जाईपर्यंत हलत नाही. पाचपाखाडीत राहायला आल्यापासून या उन्हाबद्दल घरातल्या प्रत्येकाने तक्रार केली आहे, मी सोडून. मला ते साखरांब्यासाठी लागतं. कैरीचा कीस आणि साखर थरावर थर देऊन बरणीत भरायची, तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधायचा आणि आठ-दहा दिवस बरणी कठड्याशी उन्हात ठेवायची. रोज संध्याकाळी आत आणायची, कोरड्या चमच्याने ढवळायची. तिसऱ्या दिवशी साखरेचं पाणी होतं, सहाव्या-सातव्या दिवशी त्या पाण्याला चिकटपणा येतो आणि हिरवट पांढरा कीस सोनेरी व्हायला लागतो. गॅस पेटवावा लागत नाही. आई असाच करायची, आजीही असाच करायची.

गॅलरीच्या दाराशी, आतल्या बाजूला, एक जुनं लाकडी कपाट आहे. त्याच्या ज्या कप्प्याला उन्हाची झळ लागते त्या कप्प्यात एक बाटली उभी असते. मागच्या वर्षीच्या पाडव्याला ती उघडली. त्यानंतर अख्खा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. या मे महिन्यात बरणी आत आणता आणता मी तिच्यातला घोटभर पेल्यात ओतला. ती होती तशीच होती. वास तोच, आंबटगोड धार तीच. फ्रिज नाही, तळघर नाही, बूचही रोज काढघाल केलेलं साधं टोपीवालं. जगात वाइनचे इतके प्रकार आहेत, पण आपल्या हवेत आपल्या घरी अशी राहणारी मला ही एकच भेटली. तिचं नाव मदेरा.

वाइन आणि ठाण्याचा उन्हाळा यांचं एरवी काय होतं ते मला ठाऊक आहे. आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला एका स्नेह्यांनी चांगली रेड वाइन भेट दिली होती. पंचविसाव्याला उघडू असं ठरवून आम्ही ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर, तांब्यापितळेच्या भांड्यांमागे आडवी ठेवली. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, एवढंच ऐकलेलं. तीन उन्हाळे गेले. दिवाळीची साफसफाई करताना बाटली हाताला चिकट लागली. बूच पाव इंच वर सरकलं होतं आणि त्याच्या कडेने वाइन पाझरून वाळली होती. पेल्यात ओतली तर रंग विटकरी, वास व्हिनेगरचा, आणि त्याखाली शिजवून उतू गेलेल्या बीटासारखं काहीतरी. मोरीत ओतून दिली. आम्ही दोघं बराच वेळ तिथे उभे होतो. ती देणारे स्नेही तोवर गेले होते, त्यामुळे ते फारच लागलं.

साध्या वाइनला बारा-चौदा अंशांचा गारवा हवा असतो, अंधार हवा असतो, आणि उघडली की तीन-चार दिवसांत तिला संपवावी लागते. आमच्या माळ्यावर मे महिन्यात पापड वाळतात. तिथे ती काय टिकणार!

मदेरा घरात आली ती दादामुळे. माझा थोरला भाऊ मर्चंट नेव्हीत इंजिनीअर होता. आता निवृत्त होऊन नेरूळला असतो. २०११ साली त्याचं जहाज पोर्तुगालमध्ये सेतुबालच्या गोदीत दुरुस्तीला गेलं होतं. तिथून साइन ऑफ झाल्यावर सरळ घरी न येता तो चार दिवस मदेरा बेटावर जाऊन आला. का, तर चाळीस वेळा नकाशावर त्या बेटाच्या बाजूने गेलो आणि एकदाही उतरलो नाही म्हणून. लिस्बनपासून हजारेक किलोमीटरवर, अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्याला जास्त जवळ असं हे पोर्तुगीज बेट आहे. तिथल्या फुंशाल गावातून त्याने एक बाटली आणली आणि सॉक्समध्ये गुंडाळून, बॅगेच्या अगदी मध्यभागी ठेवून ठाण्यापर्यंत पोचवली.

तेव्हा बाबा आमच्याकडेच राहायचे. आयुष्यभर संस्कृत शिकवलेला माणूस. दारू कधी घेतली नाही, पण रात्री जेवणानंतर द्राक्षासव मात्र नेमाने: दोन चमचे औषध, तेवढंच कोमट पाणी. त्यांनी बाटली हातात घेतली, चष्मा वर सरकवला आणि लेबल मोठ्याने वाचलं, "मदिरा."

"मदेरा, बाबा," दादा म्हणाला. "पोर्तुगीजमध्ये मदेरा म्हणजे लाकूड. पोर्तुगीज खलाशी १४१९ मध्ये तिथे पोचले तेव्हा सगळं बेट जंगलाने भरलेलं होतं, म्हणून ते नाव."

बाबांनी मग मद् धातूवर एक छोटं व्याख्यान दिलं. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे त्यांनीच सिद्ध केलं, आणि तरी शेवटपर्यंत ते मदिराच म्हणत राहिले. दादाने पेला पुढे केला तर नको म्हणाले. कपाटातून द्राक्षासवाच्या बाटलीची मापाची प्लास्टिकची टोपी आणली आणि म्हणाले, "यात घाल. पंधरा मिली."

मीही पहिल्यांदाच घेत होते. पहिल्यांदा आला तो गुळाचा वास. गुळपोळी लाटताना एखादी फुटते आणि तव्यावर सांडलेला गूळ कडेने करपायला लागतो, तो नेमका. मग संत्र्याची साल, अक्रोड, जुन्या मनुका. तोंडात घेतल्यावर गोडी पसरली, आता ही काकवीसारखी रेंगाळणार असं वाटलं, आणि तेवढ्यात खालून आंबटपणा आला, स्वच्छ आणि धारदार. गोडी तिथल्या तिथे आवरली गेली. घोट गिळून झाल्यावर मी भांडी आवरली, ओटा पुसला, आणि चव अजून होतीच. बाबा टोपी रिकामी करून डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हे द्राक्षासवाचं थोरलं भावंड आहे. कसं करतात ते सांग."

दादाने सांगायला सुरुवात केली, आणि मला त्या दिवसापासून या विषयाचा नाद लागला.

इडलीचं पीठ हवं तेवढं आंबलं की आपण ते उचलून फ्रिजमध्ये ठेवतो, कारण बाहेर राहिलं तर ते आंबतच जाईल. द्राक्षाच्या रसाचंही असंच. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. शेवटपर्यंत खाऊ दिलं तर साखर संपते आणि कोरडी, बिनगोडीची वाइन होते. फसफसणाऱ्या त्या रसात मध्येच द्राक्षाचंच कडक स्पिरिट ओतलं, तर यीस्ट मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. अशी स्पिरिट घालून बळकट केलेली ती फोर्टिफाइड वाइन. पोर्ट, शेरी, मदेरा, मार्साला ही सगळी त्याच घराण्यातली. पोर्टमध्ये घालतात ते स्पिरिट साधारण ७७ टक्क्यांचं, मदेरात घालतात ते ९६ टक्क्यांचं. तयार मदेरात अल्कोहोल १७ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान भरतं. साधी वाइन १२-१४ची असते. त्यामुळे ही पाण्याच्या पेल्याने प्यायची गोष्टच नाही, चहाच्या अर्ध्या कपाइतकी पुरे होते.

सगळं कसब आहे ते कधी ओतायचं यात. माल्व्हाझिया नावाच्या द्राक्षाच्या रसाला एक-दोन दिवसच आंबू देतात आणि लगेच तोडतात. ती सर्वांत गोड, लीटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर राखणारी. बुआल त्याच्या थोडं नंतर. व्हर्देल्यो आणखी पुढे जाऊ देतात. सेर्सियालला तर जवळजवळ शेवटपर्यंत आंबू देतात, म्हणून ती कोरडी, लिंबासारखी चटकदार. ही चार मोठ्या घरची द्राक्षं. पण बेटावर सर्वांत जास्त वाइन होते ती तिंता नेग्रा या काळ्या द्राक्षाची, आणि तिच्यापासून चारही तऱ्हा करता येतात. तिला कमी लेखण्याची जुनी खोड आहे. मी प्यायलेल्या तिंता नेग्रा काही कमी नव्हत्या.

इथपर्यंत पोर्टचंही असंच असतं. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. पोर्ट जिथे पिकते त्या डोरो नदीच्या खोऱ्यात उन्हाळा भाजून काढतो, म्हणून तिची पिंपं पूर्वी होड्यांत घालून नदीने खाली, समुद्राजवळ विला नोव्हा द गायाला नेत; तिथल्या दमट गारव्यात ती हळूहळू पिकायची. सगळी धडपड उष्णतेपासून वाचवायची. मदेराला मुद्दाम तापवतात.

दोन पद्धती आहेत. एक घाईची, एक सबुरीची. घाईच्या पद्धतीत वाइन मोठ्या टाकीत भरतात, टाकीला गरम पाण्याची नळी किंवा वेढा असतो, आणि ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने ठेवतात. या टाकीला एश्तुफा म्हणतात. दादा हे सांगत होता तेव्हा बाबांनी विचारलं, पंचेचाळीस अंश म्हणजे साधारण किती रे? दादा म्हणाला, "ऑगस्टमध्ये आखातात असलेल्या जहाजाची इंजिन रूम. बॉयलर सूट घाला, चार तास उभे राहा, बुटात घाम साचतो. मी तेहतीस वर्षं एश्तुफात काढलीत, बाबा." हे तो हसत म्हणाला, पण बाबा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

सबुरीच्या पद्धतीला कांतेइरो म्हणतात. पिंपं ज्या तुळयांवर ठेवतात त्या तुळयांवरूनच हे नाव पडलं. जुन्या दगडी इमारतींच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर, छपराखाली, जिथे ऊन दिवसभर तापवतं, तिथे पिंपं मांडून ठेवायची. कमीत कमी दोन वर्षं. चांगल्या वाइनला पाच, दहा, पंधरा. फ्रास्केइरा नावाच्या सर्वांत वरच्या दर्जासाठी लाकडात निदान वीस वर्षं. दिवसा ऊन, रात्री गारवा, उन्हाळा, हिवाळा, पिंप फुगतं, आकसतं, लाकडातून थोडी हवा आत जाते, थोडी वाइन उडून जाते. जे उरतं ते दाटत जातं. वाइन मुरली तशी पिंपं खालच्या, जरा थंड मजल्यावर उतरवत आणतात. दादा अशा एका माळ्यावर चढला होता. तो म्हणाला, "जिन्यावरून डोकं वर काढलं आणि आजोळच्या माळ्याचा वास आला. गुळाच्या ढेपा, कोकमाची पोती, जुनी लाकडं."

मुरणे हा शब्द मला इथे फार जवळचा वाटतो. वाइनच्या पुस्तकी मराठीत 'परिपक्व होणे' लिहितात. परिपक्व तर फळही होतं, दोन दिवसांत. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, माणूस एखाद्या कामात मुरतो. मुरण्यात वेळ असतो आणि सोसणं असतं. मीठ, साखर, ऊन यांच्याबरोबर झटापट करून वस्तू मूळची राहत नाही आणि नासतही नाही. कैरीचा आंबटपणा होता म्हणून उन्हातला साखरांबा नुसता गोड चिकटा होत नाही. मदेराच्या द्राक्षातही आंबटपणा इतका असतो की वीस वर्षांच्या उष्णतेलाही तो पुरून उरतो. साखर तपकिरी होते, हवेने करायचा तो सगळा बदल आधीच करून टाकलेला असतो. म्हणूनच बाटली उघडल्यावर वर्षभरानेही बिघडत नाही. बिघडण्यासारखं तिच्यात काही उरलेलंच नसतं.

वाइन अशी तापवावी हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. ते समुद्राने दाखवून दिलं, आणि त्यात आपल्या किनाऱ्याचा वाटा आहे.

सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला. त्याआधी युरोपातून हिंदुस्थानात यायचं तर आफ्रिकेला वळसा घालावा लागे. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इंग्लंडहून निघाली की मदेराला थांबत, पाणी, भाजीपाला आणि वाइनची पिंपं चढवत. नुसती वाइन वाटेत आंबून जाई, म्हणून तिच्यात स्पिरिट घालायला लागले. आधी उसाचं, कारण बेटावर ऊस भरपूर होता, पुढे द्राक्षाचं. अठराव्या शतकात ही चाल पक्की झाली. मग लक्षात आलं ते असं की जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने शिजत, हिंदकळत गेलेली वाइन बेटावर राहिलेल्या वाइनपेक्षा कितीतरी चांगली लागते. न विकली जाता परत आलेली पिंपं सर्वांत उत्तम निघाली. मग तर मुद्दामच, जहाजाला वजन म्हणून, पिंपं भरून उष्ण कटिबंधातून फिरवून परत आणायला लागले. अशा वाइनला व्हिन्यो दा रोदा, म्हणजे फेरी मारून आलेली वाइन म्हणत, आणि तिला भाव जास्त मिळे. 'ईस्ट इंडिया मदेरा' असं लिहिलेल्या बाटल्या लंडनमध्ये मिरवल्या जात.

दादाने टेबलावर बोटाने नकाशा काढून दाखवला होता. मदेरा बत्तीस अंश उत्तरेला. तिथून खाली येताना एकदा विषुववृत्त ओलांडायचं, केप ऑफ गुड होपला वळायचं, मुंबईकडे वर येताना पुन्हा ओलांडायचं. परतीला तेच. एका फेरीत चार वेळा. आणि प्रत्येक वेळी तिथली ती वारा पडलेली, डांबर वितळवणारी हवा. एश्तुफा आणि कांतेइरो या दोन्ही गोष्टी नंतर आल्या, जहाजाचं ते पोट जमिनीवर बनवता येईल का या विचारातून.

तेव्हाच्या मुंबईतल्या इंग्रजांच्या टेबलावर मदेरा रोजची होती. फक्त त्यांच्याच नाही. अमेरिकेतल्या वसाहतींनाही तिचं वेड होतं. १७६८ मध्ये बोस्टनला जॉन हँकॉकचं लिबर्टी नावाचं जहाज जप्त झालं आणि दंगा उसळला, तो मदेराच्या पिंपांवरच्या जकातीवरून.

जकातीवरून ठाणं आठवतं. इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या १६६१च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी इंग्रजांना मुंबई देऊ केली, पण ठाणं आणि साष्टी स्वतःकडे ठेवली. मुंबईहून खाडीने आत जाणाऱ्या मालावर ते ठाण्याला आणि करंजाला जकात घेत आणि इंग्रज त्यावरून सतत कुरकुरत. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं जिंकलं आणि १७३९ मध्ये वसई. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला पुरा व्हायच्या आतच हातचा गेला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे आणि आम्ही रोज त्याच्या भिंतीवरून रिक्षाने जातो. मासुंदा तलावाशेजारचं सेंट जॉनचं चर्च त्या काळातलं. मिस्साला द्राक्षाची वाइन लागते आणि साष्टीत द्राक्षमळे नव्हते, म्हणजे ती समुद्रानेच येत असणार. कुठल्या पिंपातून कुठली वाइन ठाण्याच्या धक्क्यावर उतरली हे सांगायला कुणी नाही. पण संध्याकाळी कोपरीच्या बाजूला खाडीवर उभी राहिले की ओहोटीचा चिखल, तिवरं आणि पलीकडे ऐरोलीच्या पुलावरचे दिवे बघताना ते पिंप मला दिसतं. भाताच्या पोत्यांमध्ये कलंडलेलं, उन्हात तापलेलं, विषुववृत्त दोनदा ओलांडून आलेलं.

बाबांना मात्र इतिहासापेक्षा कृतीत रस होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसवून द्राक्षासव समजावलं. आपल्याकडे या सगळ्या शास्त्राला संधान म्हणतात. काढा करून आंबवलं तर अरिष्ट, काढा न करता आंबवलं तर आसव. द्राक्षं किंवा मनुका, गूळ किंवा साखर, वेलची, दालचिनी, नागकेशर, मिरी, पिंपळी, आणि धायटीची फुलं. ही फुलं म्हणजे आपल्या सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक फुलणारं झुडूप. तिच्या मधात रानटी यीस्ट असतं, आंबवण्याचं काम तेच करतं. तूप चोपडलेल्या मातीच्या भांड्यात हे भरून तोंड लिंपून महिनाभर ठेवायचं. पूर्वी तो घडा धान्याच्या राशीत पुरून ठेवत. राशीची ऊब मिळते म्हणून. त्यात पाच-दहा टक्के अल्कोहोल आपोआप तयार होतं, वरून घालत नाहीत. "म्हणजे यांचं आणि आपलं अर्ध्या वाटेपर्यंत सारखंच," बाबा म्हणाले. "आपण औषधाशी थांबलो. ते चवीच्या मागे गेले." यात त्यांना कुणाला मोठं-लहान ठरवायचं नव्हतं. दोन्हीकडे ऊब आणि वेळ मोजणारी माणसं होती, याचा त्यांना आनंद झाला होता.

द्राक्षबागेचंही तसंच निघालं. माझ्या नणंदेचं सासर निफाडकडचं, द्राक्षबागाईतदार. मदेरातल्या द्राक्षबागांचे फोटो मी तिच्या यजमानांना दाखवले तर ते म्हणाले, "अहो वहिनी, हा तर मांडव!" खरंच मांडव. डोंगराच्या पायऱ्या पायऱ्यांवर काळ्या ज्वालामुखी दगडांचे बांध, त्यावर लाकडी मांडव, वेली डोक्यावर आणि खाली भाजीपाला. पाणी पाटाचं, बेटाच्या पावसाळी उत्तरेकडून कोरड्या दक्षिणेकडे कडेकपारींतून खोदून आणलेलं. १८५१च्या सुमारास त्या बागांवर भुरी पडली. आपले शेतकरी जिला सल्फर मारतात तीच भुरी. ती सावरते न सावरते तोच १८७२ मध्ये मुळं खाणारी फायलोक्सेरा नावाची कीड आली आणि बहुतेक बागा गेल्या. पुढे अमेरिकी खुंटावर कलम करून वेली पुन्हा उभ्या केल्या. नंदेच्या यजमानांनी हे ऐकून मान हलवली, "आमचंही खुंटावरच चाललंय." आज बेटावर वाइनची द्राक्षं जेमतेम चारशे-पाचशे हेक्टरांवर आहेत, एवढ्या-एवढ्याशा वाफ्यांत, जिथे यंत्र जात नाही, सगळी तोडणी हाताने. आपल्या राज्यात द्राक्ष लाखभर हेक्टरांवर आहे. आंबट, काटक जात लावून तिची वाइन आपल्याच एखाद्या पत्र्याच्या गोदामात पाच उन्हाळे मुरवावी असं इथल्या कुणाच्या मनात यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

आता खाण्याबरोबरचं थोडं. यात मी बरेच प्रयोग केलेत. गुळपोळी आणि बुआल ही माझी पहिली पसंती. तीळ, भाजलेलं बेसन, गूळ आणि वर तूप, त्याला बुआलचा आंबटपणा हवाच असतो. संक्रांतीला आमच्याकडे आता हे ठरून गेलंय. पुरणपोळीबरोबर मात्र जमत नाही, वेलची-जायफळ आणि वाइन एकमेकांवर कुरघोडी करतात. कोरडी सेर्सियाल जरा गार करून रव्यातल्या तळलेल्या बोंबलांबरोबर घ्यावी. खारे काजू, भाजलेले शेंगदाणे, जुनं चीज, पिकलेला चिकू, सगळ्यांशी तिचं जुळतं. फ्रिजमध्ये वीसेक मिनिटं ठेवून काढली की झालं. बाटली कायम उभी ठेवायची, आडवी नाही. इतक्या कडक आणि आंबट वाइनचा स्पर्श बुचाला बरा नसतो. ठाण्यातल्या दुकानांत मला ती कधी मिळाली नाही. गोड पोर्ट मिळते, नाताळच्या सुमाराला तर पुढ्यातच मांडलेली असते. मदेरा कुणी ना कुणी प्रवासातून आणते, आणि एक बाटली दीड-दोन वर्षं पुरते, त्यामुळे अडत नाही.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं त्यांचं जेवण फार कमी झालं होतं, चवी जिभेला लागत नव्हत्या. द्राक्षासवही नको म्हणायचे. एका रविवारी दादाने टोपीत थोडी मदेरा ओतून त्यांच्या ओठांना लावली. ते म्हणाले, "करपलेला गूळ." बस, एवढंच. मग थोडा वरणभात खाल्ला.

परवा रविवारी दादा नेरूळहून ट्रान्सहार्बरची गाडी पकडून आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, येताना वहिनीने दिलेली ओल्या काजूंची पिशवी हातात. साखरांबा आठव्या दिवसावर होता. दादरा सोडून मी त्याला चमचाभर चाखायला दिला, त्याने नेहमीप्रमाणे आणखी एक उन्ह द्यायला सांगितलं. जेवणं झाल्यावर कपाट उघडलं. बाटलीच्या शेजारी मापाची ती टोपी अजून आहे, कडेने पिवळी पडलेली. दोघांनी तिच्यातूनच घेतली, आधी त्याने, मग मी. मग त्याने बाटली गॅलरीच्या उजेडाकडे धरली. तळाशी दोन बोटं उरली होती, चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी दिसत होती.

"पाऊस लागायच्या आत संपवू या का?" मी विचारलं.

"कशाला घाई?" असं म्हणून त्याने बूच लावलं आणि बाटली परत त्याच कप्प्यात, उन्हाच्या बाजूला, उभी केली.